बंद घरातला पहिला फोन

चढाच्या गल्लीत इंटरनेट नव्हतंच असं म्हणणं अन्यायाचं होईल. होतं, पण पाहुण्यासारखं. यायचं, जरा टेकायचं आणि चहा उकळेपर्यंत निघून जायचं. गल्ली टेकडीच्या पोटाशी, कंपन्यांचे मनोरे टेकडीच्या पलीकडे. त्यामुळे कुणाशी धड बोलायचं असेल तर पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर जाऊन उभं राहावं लागे. एक जण बोलत असायचा आणि बाकीचे मागे रांगेत, कान टवकारून. कुणाच्या जावयाचं नोकरीत काय बिनसलं, कुणाचा रिपोर्ट कसा आला, हे घरच्यांच्या आधी गल्लीला कळायचं.

टेलरबाईंना त्या पायऱ्यांचा मनस्वी राग होता. बाई कपडे शिवायच्या, त्यातही जास्त करून दुसऱ्यांनी शिवलेले बिघडलेले कपडे दुरुस्त करायच्या, आणि जिभेलाही सुईइतकीच धार होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलती एक लेक लांबच्या देशात. मायलेकींचं भांडण झालेलं नव्हतं. झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. लेक फोन करायची, बाई फोन मशीनशेजारी ठेवून शिवता शिवता "हं, हं" म्हणायच्या, आणि अर्धं बोलणं मशीनच्या घरघरीत, अर्धं तुटक्या लाइनीत जायचं. एकदा लेक म्हणाली, "आई, तू मशीन बंद करून माझ्याशी कधी बोलली आहेस का गं?" त्यावर बाईंनी काय उत्तर दिलं ते लेकीला ऐकू गेलं नाही, आणि खरं म्हणजे बाईंनी उत्तर दिलंही नव्हतं. त्यानंतर फोन कमी झाले. लेक किती तरी वर्षांत घरी आली नव्हती, आणि बाईंनी तिला "ये" म्हटलं नव्हतं. बोलावणं म्हणजे हात पसरणं, असं काहीसं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. सगळा दोष त्यांनी इंटरनेटवर ढकलला आणि त्या मोकळ्या झाल्या.

म्हणून जेव्हा निवृत्त पोस्टमास्तरांनी गल्लीची समिती काढली आणि "जमिनीतून वेगवान इंटरनेटची तार आणायचीच" असा पण केला, तेव्हा पहिल्या उभ्या राहिल्या त्या टेलरबाई. कंपनी आधी म्हणाली, एवढ्याशा गल्लीसाठी परवडत नाही. मग म्हणाली, चर तुम्ही खणा, आम्ही तार देतो, पण एका अटीवर. गल्लीतल्या प्रत्येक घरात जोडणी हवी. एक जरी घर वगळलं, किंवा घरोघरी बसणाऱ्या इंटरनेटच्या डब्यांपैकी पहिल्या वर्षात एक जरी डबी विझली, तर करार मोडला.

मग काय, सुट्टीच्या दिवशी अख्खी गल्ली कुदळी घेऊन रस्त्यावर. बेकरीवाल्याने भट्टी बंद ठेवली. पोस्टमास्तर डोक्याला रुमाल बांधून नुसतेच सूचना देत फिरायचे. ज्यांच्या पाठी दुखायच्या त्यांच्या दारात टेलरबाई जाऊन उभ्या राहायच्या, आणि बाईंच्या तोंडी लागण्यापेक्षा खणलेलं बरं, असं म्हणून माणसं उठायची.

प्रश्न उरला एका घराचा. टेलरबाईंच्या अगदी समोरचं, बंद घर. तुम्हाला वाटेल आता इथे काहीतरी भयंकर ऐकायला मिळणार. तसं काही नाही. त्या घरात कुणी जीव दिला नव्हता, कुणाला कुणी छळलं नव्हतं. एक साधं कुटुंब राहायचं. "जरा भावाकडे जाऊन येतो" म्हणून ते किल्ली टेलरबाईंकडे ठेवून गेले आणि परत आले नाहीत, बस. घरात ना सामान होतं ना आठवणी. इतकं कोरं घर गल्लीत दुसरं नव्हतं.

"जोडून टाका तेही," पोस्टमास्तर म्हणाले. "किल्ली बाईंकडे आहे, जबाबदारीही बाईंचीच."

"आणि वीज?" वायरमनने विचारलं. "तिथली तर कधीच कापलीय."

"माझ्याकडून घ्या," टेलरबाई म्हणाल्या. "एक डबी काय खाणार आहे?"

वायरमनने त्यांच्या खिडकीतून गल्लीवरून एक वायर समोर नेली आणि तिचं बटण बाईंच्या मशीनशेजारच्या भिंतीवर बसवलं.

आता या वायरमनचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून घडलं. जुन्या टेलिफोनच्या काळातला माणूस. मीटरवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. जोडणी झाली की तो घरच्या माणसाला डबीखाली बसवायचा आणि म्हणायचा, "आता तुमच्या सगळ्यात जवळच्या माणसाला फोन लावा. पोटभर बोला. बोलणं कुठे तुटलं नाही, की घर जोडलं गेलं. घराला एकदा आवाज ओळखू दे." हे शेवटचं वाक्य तो हसत हसत टाकायचा. पण गल्लीने ते उचलून धरलं. पहिला फोन म्हणजे सोहळाच झाला. लोक दाराबाहेर उभे राहायचे. बेकरीवाल्याची म्हातारी आई भावाला पडद्यावर बघून इतकी रडली की पोळलेल्या हातांनी पाव काढणारा तिचा मुलगाही डोळे पुसायला लागला. पोस्टमास्तरांनी एका जुन्या सहकाऱ्याला फोन लावला आणि दोघांचं तिथल्या तिथे कडाक्याचं भांडण झालं. ते भांडण शेवटपर्यंत न तुटता ऐकू आलं, म्हणून वायरमनने जोडणी पास केली.

टेलरबाईंच्या घराची पाळी आली तेव्हा लेकीने फोन उचलला नाही. कामात असेल. बाईंनी परत लावला. नुसतीच घंटी. बाहेर लोक ताटकळलेले, पुढच्या घरचे घाई करत होते, आणि बाईंना चारचौघांत लेकीने फोन न उचलल्याची लाज वाटली.

"झालं का?" दाराबाहेरून वायरमनने विचारलं.

"झालं, झालं," बाई म्हणाल्या. "छान ऐकू आलं. चला पुढे."

सगळ्यात शेवटी बंद घर. वायरमन म्हणाला, नियम म्हणजे नियम, इथूनही बोलायला हवं. बाई कुरकुरतच आत गेल्या. मोकळी खोली, पिवळट भिंती, पश्चिमेच्या खिडकीतून आलेलं ऊन. डबीखाली फरशीवर पदराने जागा पुसून त्या बसल्या आणि सवयीने लेकीलाच फोन लावला.

पहिल्या घंटीलाच लेकीने उचलला.

किती तरी दिवसांनी बाईंनी तिचा चेहरा धड पाहिला. कानशिलावर एक पांढरा केस आलेला दिसला. हाताशी मशीन नव्हतं, कापड नव्हतं, करायला दुसरं काहीच नव्हतं. त्या नुसत्या ऐकत बसल्या. लेक बोलत राहिली. ऑफिसातल्या कुचकट बाईबद्दल, खिडकीतल्या झाडाबद्दल, एकटं जेवायचा कंटाळा येतो त्याबद्दल.

"आई, आज किती शांत आहे गं तुझ्याकडे," ती म्हणाली. "आणि भिंत वेगळी दिसतेय. रंग काढलास का?"

आता समोरच्या घराची, अटीची, डबीची सगळी कथा कोण सांगत बसणार? "हो," बाई म्हणाल्या.

"आपलंच घर ना हे?"

"मग कुणाचं? आणि हे बघ, तुला वाटेल तेव्हा फोन कर. मी इथेच बसलेय."

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला होता की वायरमनने काही विचारलंच नाही. त्यांनी कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि पोस्टमास्तरांनी आणलेला पेढा चक्क चिडचिड न करता खाल्ला.

पहिले काही दिवस गल्ली इंटरनेटने नुसती झिंगली होती. टाकीच्या पायऱ्या ओस पडल्या. टेलरबाईंनी मात्र लेकीला लगेच फोन केला नाही. एवढं छान बोलणं झालंय, आता तिचाच येईल, म्हणून त्या वाट बघत राहिल्या. आला नाही. शेवटी मानपान बाजूला ठेवून त्यांनीच लावला.

"अगं, आत्ताच तर ठेवला ना आपण?" लेक म्हणाली. "काही राहिलं का सांगायचं?"

"आत्ता कुठे? आपण तर त्या दिवशीच बोललो."

लेक हसली. "आई, तू ना! रोज बोलतोय आपण. बरं, मी मीटिंगमध्ये आहे. संध्याकाळी बोलू, नेहमीसारखं."

बाईंनी फोन ठेवला आणि स्वतःशीच म्हणाल्या, पोरीचं डोकं कामाने फिरलंय. पण त्यांच्या हातून त्या दिवशी एका पँटचे दोन्ही पाय सरळ एकमेकांना जोडून शिवले गेले.

मग वायरमन आला, ओशाळलेला. कंपनीकडून निरोप होता की गल्लीत सगळ्यात जास्त इंटरनेट त्या बंद घरातच वापरलं जातंय. "कुणीतरी चोरून जोडून घेतलं असणार म्हणून मी सकाळी बघायला गेलो होतो," तो म्हणाला. "पण तुम्ही आत लेकीशी बोलत होता, म्हणून परत फिरलो. मायलेकींचं बोलणं ऐकायचं नसतं."

बाईंचा पाय मशीनवरून उचललाच गेला नाही. मशीन रिकामंच चालत राहिलं. "मी सकाळपासून इथून हललेले नाही," त्या म्हणाल्या.

"तुमचाच आवाज होता, बाई. तुम्ही हसत होता." मग खाली बघत त्याने भर घातली, "म्हणून तर लक्षात राहिलं. तुम्हाला हसताना कधी ऐकलं नव्हतं."

तो गेल्यावर बाई उठल्या. भर दुपार होती, गल्लीत पोरं सायकली फिरवत होती, बेकरीतून पावाचा वास येत होता. यात घाबरण्यासारखं काय आहे, असं स्वतःला बजावत त्यांनी समोरचं कुलूप उघडलं.

खोली रिकामी होती. फरशीवर धूळ होती, सगळीकडे सारखी, आणि तिच्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. फक्त डबीखाली, त्या बसल्या होत्या तिथे, एक माणूस बसेल एवढी जागा लख्ख होती. बाईंनी वाकून तिथे तळवा टेकला. फरशी गरम होती. कुणीतरी नुकतंच उठावं तशी.

पण त्यांना धडकी भरली ती त्याने नाही, वासाने. स्वतःच्या घराला कसला वास येतो हे माणसाला कधीच कळत नाही. बाहेरून आलेल्याला कळतो. टेलरबाईंना तो त्या क्षणी कळला. मशीनचं तेल, इस्त्रीखालचं गरम कापड, त्यांच्या उशीचा, त्यांच्या केसांचा वास. रिकाम्या खोलीत तो असा भरून राहिला होता की जणू इथे त्या वर्षानुवर्षं राहत असाव्यात. त्या उलट्या पावली बाहेर आल्या, धावतच आपल्या घरात शिरल्या आणि दारातच थबकल्या. त्यांच्या घराला कसलाच वास येत नव्हता. बंद घराला येतो तसा, थोडासा कोंदट, बस.

त्यानंतर त्यांचा फोन बिघडत गेला. लेकीला लावला की पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा चेहरा दिसायचा, तो दिवसेंदिवस धुरकट व्हायला लागला. आधी नाकडोळे पुसट झाले, मग नुसती एक करडी आकृती राहिली. लेक म्हणायची, "तुझं काहीच दिसत नाही... आवाज पण... थांब, मीच करते नंतर." आणि नंतर ती करायची, यात बाईंना शंका नव्हती. फक्त तो फोन त्यांच्याकडे येत नव्हता.

वायरमनला बोलावलं. त्याने डबी उघडली, तार तपासली, नाक वाकडं करत मीटरही लावून बघितलं. "सगळं ठीक आहे," तो म्हणाला. "गल्लीत तुमच्याइतकी चांगली लाइन कुणाची नाही." मग त्याच्या मनात काहीतरी आलं. "बाई, तुमच्या घरातला पहिला फोन झाला होता ना?"

खोटं बोलायची बाईंची आता हिंमत झाली नाही. "लेकीने उचलला नव्हता. मीच झालं म्हणाले."

"मग तिच्याशी तुमचं पहिलं पोटभर बोलणं कुठून झालं?"

बाईंनी खिडकीतून समोर बघितलं. वायरमननेही बघितलं. मग त्याने अवजारं गोळा करायला घेतली. "मी हे गमतीने सुरू केलं होतं हो," तो म्हणाला. "शप्पथ. घराला आवाज ओळखू दे वगैरे, नुसतं बोलायचं म्हणून बोलायचो."

"आता काय करू ते सांगा."

त्याने भिंतीवरच्या बटणाकडे बोट दाखवलं. "वीज तुमच्या घरातून जाते तिथे. बंद करा. डबी विझली की कंपनी ओरडेल, मास्तर ओरडतील, अख्खी गल्ली परत टाकीच्या पायऱ्यांवर जाईल. जाऊ दे. मी समजावतो सगळ्यांना. पण लवकर करा."

तो गेल्यावर बाईंनी आधी एकदा लेकीला फोन लावला. सांगायचंच, की जी तुझ्याशी रोज बोलते ती मी नाही. लेकीने उचलला. "हॅलो? कोण बोलतंय?" बाई म्हणाल्या, "मी, आई." "हॅलो? काही ऐकू येत नाही. कोण आहे?" बाई ओरडल्या. गळ्याच्या शिरा ताणून ओरडल्या, इतक्या की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. लेकीने फोन ठेवला.

बाईंनी बटणावर बोट ठेवलं.

तेवढ्यात फोन वाजला. लेकीने आवाजात निरोप ठेवला होता, आईच्या नंबरावर, आणि या एका वेळेला तो नेमका त्यांच्यापर्यंत पोचला. कसा पोचला, कुणी पोचू दिला, याचा विचार बाईंनी तेव्हा केला नाही.

"आई, मघाशी मध्येच कट झालं म्हणून सांगून ठेवते. तिकीट काढलं. खरंच काढलं! काल तू 'ये गं आता' म्हणालीस ना, मला रात्रभर झोप नाही आली. इतकी वर्षं मी वाट बघत होते, तू एकदा तरी म्हणशील म्हणून. आता तू रोज बोलत राहा हं माझ्याशी, नाहीतर माझं मन परत मागे फिरेल."

बाई बटणावर बोट ठेवून तशाच उभ्या राहिल्या. एवढे तीन शब्द. जे त्यांना आयुष्यात जमले नाहीत ते समोरच्या रिकाम्या खोलीतल्या कुणीतरी सहज म्हणून टाकले होते, त्यांच्याच आवाजात. त्यांना भीती वाटायला हवी होती, पण वाटला तो मत्सर, आणि त्याच्याखाली, लाज वाटावी असा आनंद. पोरगी येणार होती.

आता बंद केलं, तर उद्या तिला कोण फोन करणार? बाईंच्या स्वतःच्या फोनवर तर करडी आकृती. ती वाट बघेल, रुसेल, तिकीट रद्द करेल. परत सगळं होतं तसं. बाईंनी मनाशी हिशेब मांडला, आणि आईचा हिशेब तो, सरळच होता. आधी लेक येऊ दे. एकदा ती समोर उभी राहिली, की लाइन नको, डबी नको, काही नको. तिला दिसेलच ना आई कोण ते. पोटच्या पोरीला का आईचा चेहरा सांगावा लागतो? मग बघते मी त्या समोरचीकडे.

त्यांनी बटणावरून बोट काढलं.

ते दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. खिडकीत बसून समोरच्या बंद दाराकडे बघत राहायच्या. संध्याकाळ झाली की आतून बोलण्याची गुणगुण यायची, शब्द कळायचे नाहीत. मध्येच हसू. बाई कानावर हात ठेवायच्या आणि मग परत काढायच्या, कारण त्या हसण्याच्या पलीकडे कुठेतरी लेक होती. वायरमन एकदा दारात आला, भिंतीवरचं बटण चालूच आहे हे बघून नुसती मान हलवून गेला. पोस्टमास्तरांनी रस्त्यातच हाक मारून सांगितलं, गल्लीची एकही डबी विझली नाही, कंपनी खूश आहे. बाई "बरं झालं" म्हणाल्या.

लेक यायच्या दिवशी बाईंनी पहाटेपासून स्वयंपाक केला. तिला आवडायचं ते सगळं. मशीन भिंतीला सरकवून त्यावर चादर घातली, घर पुसलं, तेल लावून घट्ट अंबाडा घातला. दुपारी गल्ली जेवायला आत गेलेली असताना खालच्या वळणावर गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि मग फरसबंदीवर बॅगेच्या चाकांचा खडखडाट. बाई पायरीवर येऊन उभ्या राहिल्या.

ती आली. थकलेली, केस विस्कटलेले, चढ चढून धाप लागलेली. कानशिलावरच्या एका पांढऱ्या केसाचे आता दोन-चार झालेले. बाईंनी दोन्ही हात पुढे केले. मशीन नाही, कापड नाही, मोकळे हात.

"आलीस?" त्या म्हणाल्या. "ये गं, ये. माझी पोर ती."

लेक थांबली. तिने बाईंकडे नीट पाहिलं, आणि हसलीसुद्धा. जवळच्या माणसाशी हसतात तसं नव्हे, शेजाऱ्यापाजाऱ्याशी हसतात तसं.

"काकू, नमस्कार," ती म्हणाली. "ओळखलंत वाटतं मला. आई सांगत असेल ना माझ्याबद्दल? आहे ना घरात?"

आणि उत्तराची वाट न बघता ती वळली, बॅग ओढत गल्ली ओलांडून समोरच्या दारापाशी गेली. बाईंनी कमरेला हात लावला. किल्ली तिथेच होती. समोरचं दार तरीही आतून उघडलं. उंबऱ्याच्या आत सावली होती. सावलीतून एक हात पुढे आला, त्याने लेकीच्या गालावरून बोटं फिरवली आणि तिच्या हातातली बॅग घेतली. लेक आत गेली. दार लागलं.

बाई घरात धावल्या. भिंतीवरचं बटण खाडकन बंद केलं. परत चालू केलं, परत बंद केलं. मग वायरच उपटून काढली आणि कान लावून उभ्या राहिल्या. समोर काही थांबलं नाही. लेकीचं हसू येत होतं, लहानपणचं, पोटातून येणारं, बाईंनी किती तरी वर्षांत न ऐकलेलं. आणि सकाळपासून स्वयंपाकघरात केलेल्या भाजीचा वासही समोरूनच येत होता. इकडे भांडी झाकलेली होती, पण झाकण काढून बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

त्या गल्ली ओलांडून गेल्या. ज्या दाराची किल्ली त्यांच्याकडेच होती ते दार त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा वाजवलं. हळू वाजवलं. मग जोरात, दोन्ही हातांनी.

"आई," आतून लेक म्हणाली, "कुणीतरी आलंय बघ दारात."

"असू दे गं," टेलरबाईंचा आवाज म्हणाला. "तू आधी जेवून घे. गार होतंय."